बोंबलाच्या पुडक्यातले पस्तीस हजार

गुरुवार, ८ जानेवारी

ही वही सोसायटीने नाताळात वाटली. सून म्हणाली, आई, लिहा काहीतरी, नाहीतर रद्दीत जाईल. मी चौथीपर्यंत शिकले. सिस्टरने छड्या मारून अक्षर वळवलं, ते अजून वळलेलं आहे. पण लिहायचं कारण दुसरंच. उत्तनमध्ये एका बाईला गोष्ट सांगितली की भाईंदरची बस सुटायच्या आत ती चौकात पोचते. वहीला तोंड नाही.

माझ्या लेकाने, डेनिसने, मोठ्या बोटीची तीन तिकिटं काढली होती. तो, त्याची बायको रुचिता आणि मी. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोवा, एक दिवस नुसतं पाणी, चौथ्या दिवशी परत. पाणी बघायला पैसे मोजणारा कोळ्याच्या घरातला हा पहिलाच. आता त्याला साहेबाने रजा नाकारली. पैसे परत मिळत नाहीत, नाव तेवढं बदलता येतं. मी म्हटलं, कॉनीचं घाला.

कॉनी बाजारात चाळीस वर्षं माझ्या शेजारी पाटी मांडते. नवरा मॅन्युएल नऊ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून तिच्या बँकेचं कार्ड तिच्या पोराकडे, ॲलनकडे. बँकेत नंबरही त्याच्याच मोबाईलचा. आईला चष्मा हवा असला तरी ती त्याच्याकडे मागणार आणि हा "बघू" म्हणणार. चष्मा अजून बघतोच आहे. म्हणून दोन वर्षं ती सुक्या मासळीच्या विक्रीतून रोज थोडं काढून माझ्याकडे देते. वीस हजार झाले. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. तिला आणि मला सोडून कोणाला ठाऊक नाही. ॲलनला कळलं तर संध्याकाळपर्यंत त्याची मोटरसायकल नवी होईल.

ती म्हणाली, "फिलू, ते पैसे घेऊन जाऊ. एकदा मनासारखा खर्च करीन."

मी म्हटलं, "तुझे पैसे, तुझं मन. सांभाळायची मी."

बुधवार, १४ जानेवारी

रुचिता दोन दिवस एकच सांगते. आई, रोख नेऊ नका, बोटीवर रोख चालत नाही. मी म्हटलं, बाई, जगात रोख चालत नाही अशी जागा एकच, आणि तिथे मी इतक्यात जात नाही. ती हसली. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, ऑफिसात बसते, भाजीवाल्यालाही मोबाईल दाखवते. मनाने बरी आहे. पण पैसा हातात धरल्याशिवाय पैसा वाटत नाही, हे तिला पन्नाशीनंतर कळेल.

पैसे कसे न्यायचे ते मी तीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलंय. वेलंकनीला माऊलीच्या यात्रेला आम्ही बाजारच्या बाया जातो तेव्हा सगळ्यांची वर्गणी माझ्याकडे असते. सुक्या बोंबलाच्या मोठ्या पुडक्यात, मधोमध, प्लास्टिकात गुंडाळून. दोन दिवसांची रेल्वे, डब्यात चोर-भामटे सगळे. इतरांच्या पर्सी गेल्या, बॅगा गेल्या. माझ्या पुडक्याला कोणी बोट लावलं नाही. उलट शेजारची बाकं रिकामी होतात, झोपायला ऐसपैस जागा मिळते.

माझे पंधरा आणि कॉनीचे वीस. दोन गड्ड्या वेगवेगळ्या बांधल्या. कॉनी उद्या रात्री माझ्याकडेच झोपायला येते, पहाटे गाडी आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी, बोटीवर

अक्षर आज वाकडं येतंय. बोटीने नाही. बोट हलतच नाही, भिंतीसारखी उभी आहे.

घडलं असं. बंदरावर मोठं ऑफिस आहे, तिथे बॅगा यंत्रातून जातात. माझी पिशवी गेली आणि यंत्र थांबलं. काळा कोट घातलेली एक पोरगी म्हणाली, "आंटी, इसमें क्या है?" मी म्हटलं, "मच्छी है, सूखी. घर का खाना." ती म्हणाली, बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही. मी म्हटलं, ये खाना नहीं है, दवा है. त्यावर तिने पुडकं दोन बोटांनी उचललं, तोंड वाकडं केलं आणि मागच्या टेबलावर ठेवलं. एका पोऱ्याने काळ्या पिशवीत घातलं, गाठ मारली, वर नंबराची चिठ्ठी चिकटवली. तसलीच चिठ्ठी माझ्या हातात दिली. इंग्रजीत.

पस्तीस हजार. डोळ्यांदेखत.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय ओरडणार? आत पैसे आहेत म्हटलं तर पिशवी उघडणार. मासळीला कोणी हात लावत नाही, पैशाला सगळे लावतात. आणि रुचिता शेजारी उभी. तिला कळलं की डेनिसला कळलं. डेनिस आणि ॲलन एकाच टीममध्ये फुटबॉल खेळतात. म्हणजे कॉनीचं गुपित रविवारच्या मॅचला मैदानावर.

तेवढ्यात रुचिता दुसऱ्या टेबलावरून प्लास्टिकचं कार्ड घेऊन आली आणि मला काय काय समजावत होती. मी काळ्या पिशवीकडे बघत होते. दारं याने उघडतात एवढं ऐकलं. "आई, हेच कार्ड सगळीकडे दाखवायचं. आणि जेवणखाण तिकिटात आलंय, पोटभर खा." मी म्हटलं, बरं.

कॉनीलाही कार्ड मिळालं. त्यावर तिचं नाव छापलेलं. ती ते उलटसुलट करून बघत राहिली. म्हणाली, "फिलू, माझं नाव हाय गो यावर. पुरं नाव."

मी म्हटलं, "मग काय, माझं घालणार?"

पुडकं गेलं ते तिनेही पाहिलं. काही बोलली नाही. माझ्यावर केवढा भरवसा असेल बघा. वीस हजार गेले तरी हूं नाही की चूं नाही. तेच जास्त बोचतं. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

शनिवार, १७ जानेवारी, सकाळ

रुचिता आडवी झाली आहे. रात्रीपासून ओकते. बोट हलत नाही म्हणून मी लिहिलं खरं, पण ती कोळ्याची नाही. मोबाईलला रेंज नाही म्हणून आणखी चिडचिड. तिला लिंबू दिलं, पडून राहा म्हटलं.

मी चिठ्ठी घेऊन खालच्या मोठ्या काउंटरवर गेले. तिथे एक पोरगा, छातीवर नाव दिपेश. मी हिंदीत सुरू केलं तर तो म्हणाला, "मावशी, मराठीत बोला ना, मी गोडदेवचा." म्हणजे आमच्या भाईंदरचाच. जीव जरा खाली आला. त्याने चिठ्ठी वाचली.

"सुकं सामान असेल तर उतरताना परत मिळतं. कच्चं, नासणारं असेल तर टाकून देतात."

"बोंबील कशात धरता?"

तो डोकं खाजवायला लागला. "सुके आहेत ना?"

"सुकेच. वलांडीच्या बांबूंवर पाच दिवस वाळवलेले. कच्चे असते तर मीच आधी टाकले असते."

"पण मावशी, यादीत मासळी म्हटलं की ते नासणाऱ्यात जातं. साहेबांना विचारावं लागेल. आत काही खास आहे का?"

मी त्याच्या डोळ्यात बघितलं. चांगले डोळे होते. पण चांगल्या डोळ्यांच्या माणसांनी मला चाळीस वर्षांत खोट्या नोटा कमी दिल्या नाहीत. म्हटलं, "खास काय असणार? आमच्या खाडीचे आहेत, एवढंच."

कॉनी मागे उभी होती. वर येताना म्हणाली, "फिलू, तुला एक सांगायचं हाय."

मला ठाऊक होतं काय सांगणार. वीस हजारांचं विचारणार. मी म्हटलं, "आता नको. आधी चहा पिऊ."

शनिवार, संध्याकाळ

गोवा झालं. बस बोटीच्या लोकांनी दिली. दारात एका बाईने आमची कार्डं बघितली, यंत्राला लावली, आत बसवलं. पैसे मागितले नाहीत. मी कॉनीला म्हटलं, तिकिटाला डेनिसने उगाच नाही एवढे ओतले. सगळं आलंय त्यात. आता वसूल करायचं.

पण बसमध्ये चढायच्या आधी एक बघितलं. बोटीच्या बाजूला एक दार उघडं होतं आणि काळ्या पिशव्या खाली ट्रकात उतरवत होते. तसल्याच पिशव्या. शंभरेक असतील. मी सरळ ट्रककडे चालत गेले. बोंबलाचा वास मला वीस हातांवरून येतो, झोपेतही येतो. एकेका पिशवीजवळ वाकून नाक लावलं. सडलेली कलिंगडं, कोंबडीची हाडं, शिळं दूध. पाच-सहा झाल्या असतील, तोवर शिट्टी वाजली. पहारेकरी ओरडला, "अम्मा, क्या ढूंढ रही हो?"

मी म्हटलं, "बोंबील."

त्याने मला वेडी ठरवून दंडाला धरून बसपाशी आणलं. बसमधल्या सगळ्या बाया बघत होत्या. बघेनात का. त्यांचे पस्तीस हजार नव्हते त्या ट्रकात. माझे होते की नव्हते, हे मला अजून ठाऊक नाही. वास आला नाही. पण ट्रकातल्या सगळ्या पिशव्या मी कुठे हुंगल्या?

जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये कॉनीने मॅन्युएलच्या नावाने पेटीत नोट टाकली. पाचशेची. मी बघतच राहिले. माझ्या कमरेच्या पिशवीत सगळे मिळून तीनशे चाळीस रुपये. म्हटलं, कुठून आली? ती म्हणाली, "होती." ॲलनने दिली असणार निघताना. मेला एवढा तरी सुधारला म्हणायचा.

येताना ती पुन्हा म्हणाली, "फिलू, ऐक ना."

मी म्हटलं, "कॉने, पाय दुखतायत माझे, उद्या बोलू."

भित्री मी कधीपासून झाले?

रविवार, १८ जानेवारी

आज सगळीकडे पाणी. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकली. खोलीत रोझरी केली, कॉनी आणि मी. रुचिता पांघरुणातून आमेन म्हणत होती. हिंदूची लेक, पण उलटीने सगळे देव एक होतात.

दिपेशला सकाळी आणि दुपारी विचारलं. सकाळी म्हणाला, साहेब भेटले नाहीत. दुपारी म्हणाला, साहेबांनी सांगितलं की सामान ठेवायची खोली दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे. म्हटलं, बोट एक, समुद्र एक, तुमची डिपार्टमेंटं किती? तो हसला. मला हसू येत नव्हतं.

मग काय करणार? जीव रमवायला फिरलो. ही बोट म्हणजे नऊ मजल्यांचा मॉल आहे, फक्त पार्किंग नाही. जिथे जावं तिथे हसून स्वागत. नारळपाणी घेतलं, कार्ड दाखवलं. आइसक्रीम, कार्ड. एका खोलीत पाय चोळून देतात. मी कॉनीला ओढून नेलं, कारण परवापासून ती एक हात कमरेवर ठेवूनच चालते, बहुतेक पाठ धरली. तिथली पोरगी म्हणाली, कपडे बदला. कॉनी लुगड्याची गाठ मुठीत धरून बसली, "न्हाय म्हणजे न्हाय, लुगडं सोडणार न्हाय." शेवटी नुसते पाय चोळले. पाऊण तास. चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात उभे राहिलेले पाय, त्या पोरीला वाटलं असेल वहाणच चोळते आहे.

दुकानात कॉनीला एक निळी पर्स आवडली. मी म्हटलं, घे. ती म्हणाली, "पैसे?" मी म्हटलं, कार्ड दाखव, बघू काय म्हणतात. तिने दाखवलं. दुकानवाल्याने यंत्राला लावलं, पर्स कागदात गुंडाळली आणि "थँक यू मॅडम" म्हणाला. मग मीही एक घेतली, तपकिरी. दोन्हीकडे सही करून घेतली. हजेरी असणार. मी पूर्ण नाव लिहिलं, सिस्टरने शिकवलं तसं, बापाच्या नावासकट.

कॉनी म्हणाली, "माझ्या नावाचं कार्ड, आणि कोणाला विचारायला लागत न्हाय." असं तोंड तिचं मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

आणि मी तिचे वीस हजार कचऱ्यात घालून बसले आहे. उद्या पुडकं मिळालं नाही तर तिला सांगावं लागेल. हप्त्याहप्त्याने मी भरून देईन, पण ते बोलायचं कसं? बाजारात माझं नाव कशावर चालतं? वजनावर आणि सांभाळलेल्या पैशावर. मासळी तर सगळ्याच विकतात.

सोमवार, १९ जानेवारी

घरी आले. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊला काउंटरसमोर रांग. रुचिता उठली होती, तोंड पांढरं. तिच्या हातात लांबच लांब कागद दिला. तिने वाचला, परत वाचला.

"आई, एकवीस हजार सहाशे चाळीस?"

"कसले?"

"तुमच्या आणि कॉनी मावशींच्या कार्डावर. गोव्याची बस, फूट मसाज, दोन पर्स, फोटो, आइसक्रीम..." ती माझ्याकडे बघायला लागली. "आई, मी बंदरावर सांगितलं होतं ना? या कार्डावर खर्च चढतो, शेवटी माझ्या बँकेतून जातो. जेवण तेवढं तिकिटात."

माझ्या पायाखालची बोट तेव्हा हलली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मला लाज वाटली असं लिहायला हवं. आधी राग आला. स्वतःचा. मासळीच्या पाटीवर कोणी "कार्ड दाखवते, घे" म्हटलं असतं तर मी दिली असती का? फुकट देणारा हात मी आयुष्यात पाहिला नाही, आणि चकचकीत काच दिसली की अक्कल गहाण टाकली. दोन दिवस सह्या करत होते. वडिलांच्या नावासकट.

रुचिता म्हणाली, "जाऊ द्या आई. मी बघते." तिच्या घराचा हप्ता पाच तारखेला असतो, मला माहीत आहे.

मी म्हटलं, "थांब. पैसे आहेत." आणि सांगून टाकलं. पुडकं, बोंबील, माझे पंधरा. कॉनीच्या वीसचं मात्र बोलले नाही. रुचिता कपाळाला हात लावून खाली बसली.

जमा सामानाचं टेबल पलीकडेच होतं. दिपेश उभा. आम्हाला बघून हसला आणि टेबलाखालून काळी पिशवी काढली. एकात एक अशा तीन पिशव्या. म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळे खोलीत कोणी जात नव्हतं. टाकायचं ठरलं होतं काल, मी ठेवून घेतलं."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि पुडकं फोडलं. बोंबील बाजूला सारले. प्लास्टिक लागलं. एक गड्डी. माझी, पंधराची. हात आणखी आत घातला. तळापर्यंत. सगळे बोंबील गालिच्यावर ओतले.

दुसरी नाही.

त्यानंतर मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. दिपेशची कॉलर धरली एवढं आठवतं. "कोणी हात लावला नाही म्हणतोस, मग नोटा काय पोहत गेल्या? गोडदेवचा म्हणून सांगतोस? गोडदेवात तुझ्या आईला विचारू का?" लोक जमले. वरचा साहेब आला, इंग्रजीत विचारायला लागला. दिपेशचे ओठ सुकले. साहेब म्हणाला, खोलीची चावी तुझ्याकडेच होती ना? दिपेश म्हणाला, "सर, मैंने बस रखा था, सर." चांगले डोळे आता पाण्याने भरले होते आणि मी मनात म्हटलं, चोराला रडू लवकर येतं.

साहेबाने पोलिसांना फोन करायचं म्हटलं. रुचिता मला ओढत होती, आई, दुसरी कसली गड्डी, किती होते, कोणाचे?

तेव्हा कॉनी पुढे आली. गर्दीत मध्ये उभी राहिली. लुगड्याच्या निरीत हात घातला आणि कमरेची पिशवी काढली.

"त्याला सोड, फिलू. माझ्याकडं हायेत."

बोंबील सगळीकडे पसरलेले.

"तू आंघोळीला गेली तवा काढले. निघायच्या पहाटे."

मी म्हटलं, "का? मी खाल्ले असते?"

"न्हाय गो."

"दोन वर्षं माझ्या कपाटात होते. एक रुपया कमी झाला होता?"

"न्हाय. म्हणूनच." तिने मान खाली घातली नाही. "दोन वर्षं तुझ्याकडं. त्याच्या आधी ॲलनकडं. त्याच्या आधी मॅन्युएलकडं. एकदा मला माझ्या अंगावर ठेवायचे होते. तुला दोनदा सांगायला आले. तू ऐकलं न्हाय."

साहेब निघून गेला. मी दिपेशची माफी मागितली. सत्तर वर्षांत ही तिसरी. त्याला म्हटलं, हे बोंबील घरी ने. तो डोळे पुसत म्हणाला, "नको मावशी, तीन दिवस वास सोडत नाहीये मला." बरं झालं नाही म्हणाला. घेतले असते तर मला आणखी लहान वाटलं असतं.

बिल अर्धं अर्धं केलं. रुचिता नको नको म्हणत होती. कॉनीने तिचे दहा हजार आठशे वीस स्वतः मोजले, थुंकी लावून, एकेक नोट. मी माझे दिले. गाडीत आम्ही दोघी दोन खिडक्यांना बसलो.

मंगळवार, २० जानेवारी

बाजारात गेले. कॉनी तिच्या जागी, मी माझ्या. मध्ये एक हात जागा. गिऱ्हाईकाला सुटे नव्हते, तिच्याकडे मागितले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडच्या ओळीत जाऊन आणले.

गुरुवार, २२ जानेवारी

आज ॲलन आला. सरळ माझ्या पाटीसमोर बसला, उकिडवा. कॉनी नळावर मासळी धूत होती, पाठमोरी, दहा पावलांवर.

"फिलू मावशी, एक विचारू? खरं सांगशील?"

"मासळीचा भाव सोडून सगळं खरं सांगते."

"आईकडे नवी पर्स आहे. भारी आहे. तिच्याकडे पैसे कुठून आले? तुझ्याकडे ठेवते का काही?"

जीभ टोकावर होती. हो म्हणायला काय लागतं? ठेवते, पण माझ्या नाकाखालून काढूनही घेते, तुझी आई साधी नाही, सांभाळ. एवढं म्हटलं असतं तर तीन दिवसांचा सगळा जाळ थंड झाला असता. कॉनीचा नळावरचा हात थांबला होता. तिची पाठ मला दिसत होती. पाठीलाही कान असतात.

मी म्हटलं, "पर्स माझ्या सुनेने घेऊन दिली. बोटीवर आम्ही दोघींनी अक्कल विकून पायसुद्धा चोळून घेतले, त्याचं बिल सुनेला विचार. तुझ्या आईकडे पैसा असता तर ती तुझ्या घरी परत आली असती का रे? गोव्यातच राहिली असती."

तो उठला. म्हणाला, "तसं नाही मावशी, काळजी वाटते."

"काळजी वाटते तर चष्मा कर तिला. दोन वर्षं ती पापलेट आणि हलव्यातला फरक बोटांनी ओळखते."

गेला. मोटरसायकल दोनदा बंद पडली, मग सुरू झाली.

थोड्या वेळाने कॉनी आली. कमरेची पिशवी काढून माझ्या पाटीच्या फळीवर ठेवली. "आठ हजार सहाशेऐंशी हायेत. ठेव तुझ्याकडं."

मी म्हटलं, "मी आता कोणाचं ठेवत नाही."

"रागावली हायेस."

"हो. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. उचल. आणि उद्या आधारकार्ड घेऊन ये. फोटो दोन."

तिने पिशवी उचलली. मी गिऱ्हाईकाला मांदेलीचा वाटा घातला, जरा जास्तच गेला.

गुरुवार, २९ जानेवारी

खातं परवा उघडलं. उत्तनच्या बँकेत नाही, तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ॲलनला ओळखतात. भाईंदर पश्चिमेला, दुसऱ्या बँकेत. रुचिताने कॉनीसाठी साधा मोबाईल आणि नवा नंबर घेऊन दिला, फॉर्म भरून दिला. सून म्हणून मी तिला अजून दहापैकी सहाच देते, पण परवा सात दिले. कॉनीच्या पैशाचं तिने डेनिसलाही कळू दिलेलं नाही.

आज कार्ड घ्यायला कॉनी आणि मी बसने गेलो. मोरव्याला बस अर्धा तास अडकली, कोणाची तरी वरात. बोलणं झालं, पण मासळीबद्दलच. बोंबील यंदा पातळ आहे. बर्फाचा भाव चढला.

बँकेतल्या बाईने पाकीट दिलं. कॉनीने उघडलं नाही, छातीशी धरून बसली. बाई म्हणाली, बाहेर मशीनवर जाऊन नंबर टाका, चार आकडी, कोणाला सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही.

"घरच्यांना तर न्हायच," कॉनी म्हणाली.

मशीनची खोली म्हणजे कपाटाएवढी. एसी एवढा की मासळी ठेवावी. कार्ड उलटं घातलं, सुलटं घातलं. मोबाईलवर आकडा आला, तो मी वाचून दाखवला, तिला चष्मा नाही. मग पडद्यावर अक्षरं आली. मी वाचली. "तुमचा नवीन नंबर टाका."

कॉनीने बोट उचललं. मग थांबली. माझ्याकडे बघितलं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, दुसरीकडे जागाच नव्हती.

"फिलू."

"काय?"

"तोंड फिरव."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर हटवली नाही. बोट तसंच हवेत.

फिरवलं. समोर काचेचं दार, त्यावर कोणीतरी पान थुंकलेलं. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी त्यांचं भांडण ऐकत उभी राहिले. मागे एक बटण वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. चार आकड्यांना बाईने एवढा वेळ लावला की बाहेर लाइन लागली आणि एकजण काचेवर टकटक करायला लागला.

मी दार अर्धं उघडलं आणि त्याला म्हटलं, "थांबा जरा. ती तिचं करतेय."